विजेच्या जुन्या मोटारी खरंच जास्त चांगल्या होत्या का?

प्रश्न असा आहे: वडिलांनी १९७० च्या दशकात घेतलेला छताचा पंखा घरात अजून फिरतोय, आणि त्याच घरात गेल्या सहा वर्षांत दोन नवे पंखे आणि एक मिक्सर निकामी झाला. मग पूर्वीच्या वस्तू खरोखरच चांगल्या बनायच्या का? आणि तो जुना पंखा ठेवावा की काढावा?

मी इचलकरंजीत मोटार वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरण्याचं दुकान चालवतो. एकतीस वर्षं झाली. मागाच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, पंखे, मिक्सर असं सगळं टेबलावर येतं आणि उघडलं जातं. त्यामुळे उत्तर मोटारीच्या पोटातून देतो.

आधी सरळ उत्तर. जुन्या मोटारीत माल जास्त असायचा आणि ती उघडायला सोपी असायची. आजच्या चांगल्या मोटारीत माल कमी असतो, पण तार, इन्सुलेशन, बेअरिंग, स्टॅम्पिंगचा पत्रा (ज्याचे थर रचून मोटारीचा लोखंडी गाभा बनतो) हे सगळं जुन्यापेक्षा वरच्या दर्जाचं असतं. त्याशिवाय आज बाजारात एक तिसरा प्रकार आहे, जो पूर्वी जवळजवळ नव्हताच: माल कमी आणि दर्जाही कमी. तुमचे दोन पंखे बहुधा त्यातले असावेत. आपण तुलना करतो तेव्हा जुन्यातलं सगळ्यांत टिकलेलं आणि नव्यातलं सगळ्यांत स्वस्त समोरासमोर ठेवतो. निकाल एकतर्फी लागणारच.

आता वजनाचं बघू, कारण लोकांची खात्री तिथूनच सुरू होते. जुनी पाच अश्वशक्तीची मोटार दोघांनी उचलायची. आजची तेवढ्याच ताकदीची मोटार एक तरुण पोरगा टेम्पोतून उतरवतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तेव्हा लोखंड घालायचे हो, आता पत्रा घालतात.’ दिसतं तसंच, पण त्यामागचं कारण वेगळं आहे.

जुन्या मोटारीच्या तारेवर सुताचं वेष्टण असायचं, एक नाहीतर दोन पदरी. माझ्या गुरूंच्या हातून अशा मोटारी सुटलेल्या मी पाहिल्या आहेत, काही स्वतः सोडल्या आहेत. तांब्याच्या तारेभोवती सुताचा पदर, स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसवायच्या खाचेत, जाड कागद, वर वार्निश. आता विचार करा. स्लॉटची जागा ठरलेली. त्यातली बरीचशी सूत आणि कागद खाणार, तांब्याला जागा उरणार कमी. तेवढं तांबं बसवायचं तर स्लॉट मोठा हवा. स्लॉट मोठा म्हणजे स्टॅम्पिंग मोठं, स्टॅम्पिंग मोठं म्हणजे बॉडी मोठी. शिवाय सूत आणि कागद यांना उष्णता सोसत नाही. या इन्सुलेशनला ‘ए’ वर्ग म्हणतात आणि त्याची मर्यादा १०५ अंश सेल्सिअस. आज आपण साधारण ‘एफ’ वर्गाचं काम करतो, त्याची मर्यादा १५५ अंश. ‘एच’ वर्गाची १८०. म्हणजे जुन्या कारागिराला मोटार थंड ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि थंड ठेवायला लोखंड आणि पृष्ठभाग लागायचा. ते वजन म्हणजे त्या इन्सुलेशनची गरज होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे चांगल्या एनॅमलच्या तारा आल्या. सुताच्या जागी केसाइतका पातळ थर. त्याच स्लॉटमध्ये जास्त तांबं बसू लागलं आणि ते जास्त तापलं तरी चालू लागलं. अमेरिकेत १९५२ साली आणि पुन्हा १९६४ साली मोटारींच्या चौकटींची प्रमाण मापं बदलली, आणि दोन्ही वेळा त्याच ताकदीची मोटार आधीपेक्षा लहान चौकटीत बसवली गेली. लोखंडात चोरी झाल्यामुळे ती लहान झाली असं नाही. तार सुधारल्यामुळे झाली.

इन्सुलेशनबद्दल एक नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: मर्यादेपेक्षा दर दहा अंशांनी जास्त तापली की वाइंडिंगचं आयुष्य निम्मं होतं, दहा अंशांनी थंड राहिली की दुप्पट. मर्यादेवर सतत चालली तर साधारण २०,००० तास धरतात. २०,००० तास म्हणजे दिवसरात्र चालवली तर सव्वादोन वर्षं. तीच तार मर्यादेच्या तीस अंश खाली ठेवली तर आठपट, म्हणजे अठरा वर्षं दिवसरात्र. आता १२५ अंशांवर तापणारी एक मोटार डोळ्यांसमोर आणा. सुताच्या वाइंडिंगचं आयुष्य तिथे पावपट उरतं. आजच्या ‘एफ’ वर्गाच्या वाइंडिंगचं त्याच तापमानाला आठपट होतं. जुनं वाइंडिंग नव्यापेक्षा भारी होतं असं कुणी म्हणालं, तर मी त्याला दुकानात बोलावून दोन्ही तारा हातात देतो. सुताचा पदर बोटाने चोळला की पीठ होतो.

मग जुना पंखा पन्नास वर्षं कसा चालला? कारण तो थंड चालतो. छताचा पंखा म्हणजे मोटारीच्या दृष्टीने सगळ्यांत सुखाची नोकरी. मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे, भार नेहमी तोच, आणि स्वतःचाच वारा. त्यात जुन्या पंख्यात तांबं आणि लोखंड सढळ हाताने घातलेलं. का? तर तेव्हा हिशेब कागदावर आणि स्लाइड रूलवर व्हायचा. पत्र्याची एक खेप चांगली, दुसरी खराब. बेअरिंग कुठलं मिळेल सांगता येत नाही. गावात व्होल्टेज किती येईल याचाही भरवसा नाही. ज्या गोष्टीचा नेमका अंदाज नाही, तिथे डिझाइन करणारा माणूस माल वाढवतो. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो.

आज संगणकावर मोटारीचा प्रत्येक कोपरा किती तापेल हे आधीच कळतं. ते कळलं की मार्जिन कापता येतं. कापलेलं मार्जिन कुठे जातं हा खरा प्रश्न. चांगला कारखाना ते उत्तम स्टॅम्पिंगमध्ये, चांगल्या बेअरिंगमध्ये घालतो आणि मोटार वीज कमी खाते. दुसरा कारखाना ते नुसतंच किमतीतून वजा करतो आणि पंखा शेजाऱ्यापेक्षा दोनशे रुपये स्वस्त विकतो. दोन्ही पंखे दुकानात शेजारी लटकतात, दोन्हींवर तोच रंग असतो.

मार्जिनचा एक फायदा मात्र मी नाकारणार नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवतात ना? ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची, आणि आली की सगळे पंप एकदम सुरू व्हायचे. व्होल्टेज खाली बसायचं. व्होल्टेज कमी झालं की मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते. त्या दिवसांत आमच्या दुकानाबाहेर जळलेल्या मोटारींची रांग असायची. जुन्या जड मोटारी तशा परिस्थितीत थोडा वेळ जास्त तग धरायच्या, कारण एवढं लोखंड तापायलाच वेळ लागतो. शेतकरी बांधावरून घरी येऊन स्टार्टर बंद करीपर्यंत ती मोटार वाचायची. हलक्या मोटारीला तेवढी उसंत नसते. ज्याच्याकडे वीज धड येत नाही, त्याने जुन्या जड मोटारीवर विश्वास ठेवला यात त्याचं काही चुकलं नाही.

पण त्याच रांगेत जुन्या मोटारीही होत्या, आणि भरपूर होत्या. इथे आपली स्मरणशक्ती दगा देते. तुमच्या घरात तो पंखा टिकला म्हणून तो तुम्हाला दिसतो. त्याच वर्षी त्याच गल्लीत घेतलेले बाकीचे पंखे कधीच भंगारात गेले, वितळले, त्यांचं तांबं दुसऱ्या कुणाच्या तरी मोटारीत फिरतंय. भंगारवाला दर आठवड्याला माझ्या दुकानावरून जातो. एकतीस वर्षांत त्याच्या गाड्यावर मी जुना माल जेवढा पाहिला, तेवढा कुणाच्या छताला पाहिला नाही.

शिवाय जे टिकलं ते जसंच्या तसं टिकलं का, हेही विचारावं लागतं. आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली बसवला. साधे माग इथे आजही चालतात, काही तर मालकाच्या वडिलांनी घेतलेले. लोक कौतुकाने म्हणतात, ‘बघा, पन्नास वर्षांचा माग!’ जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, विचारा. धोटा बदललेला, धोट्याला फटका देणारे पिकर तर सतत बदलतात, पट्टे बदलले, बेअरिंग आणि बुश बदलले, मोटार तीनदा-चारदा बांधून झाली. सांगाडा तेवढा जुना. पन्नास वर्षं मागाबरोबर त्याच्यासाठी राबणारे हातही टिकले: जॉबर, टर्नर, वाइंडर, स्पेअर पार्टचं दुकान. हे सगळं पायी पाच मिनिटांच्या अंतरात होतं म्हणून तो माग जगला. आणि तो मिनिटाला दीडशेच्या आत धोटे मारतो, तर हवेच्या झोतावर चालणारा नवा एअरजेट माग सहाशेच्या वर जातो. टिकणं आणि परवडणं यांत फरक असतो, हे आमच्या गावातल्या यंत्रमागधारकांना चांगलं ठाऊक आहे.

माझ्या मते जे खरोखर हरवलं ते इथे आहे. जुनी मोटार उघडण्यासाठीच बनवलेली असायची. चार बोल्ट काढले की कव्हर निघालं. कव्हर बिडाचं. बेअरिंगची बैठक झिजली तर टर्नर लेथवर बोअर करून बुश मारून द्यायचा, परत नव्यासारखी. टेबल फॅनला तेल सोडायला भोक असायचं आणि घरातल्या माणसाला ते माहीत असायचं. आज हलक्या पंख्याचं कव्हर पातळ अॅल्युमिनियमचं असतं. बैठक एकदा सैल झाली की बुश मारायला जाडीच नसते. काही मालाला स्क्रूऐवजी रिव्हेट असतात, मिक्सरच्या प्लास्टिक बॉडीला असे खटके असतात की उघडताना एखादा तुटतोच. हे मला मनापासून टोचतं. जळलेली कॉइल मी पुन्हा भरू शकतो. तुटलेला खटका भरता येत नाही.

त्यात दोष केवळ कारखान्याचा आहे असं मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी पंखा ही मोठी खरेदी होती. माझ्या वडिलांनी पहिला पंखा हप्त्यावर घेतला आणि तो आला त्या दिवशी शेजारचे बघायला आले होते. तो बिघडला तर बांधून घेणं हाच एक विचार मनात यायचा, कारण वाइंडिंगची मजुरी पंख्याच्या किमतीपुढे काहीच नव्हती. आता यंत्रावर बनलेला पंखा स्वस्त झाला, पण माझं वाइंडिंग अजून हातानेच होतं, तेवढाच वेळ लागतो, आणि माझ्या पोरांनाही पगार द्यावा लागतो. लहान मिक्सरचं आर्मेचर (मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग) बदलून, कार्बन घालून, बेअरिंग टाकून दिलं की बिल नव्या मिक्सरच्या निम्म्याच्या घरात जातं. गिऱ्हाईक बिल बघतं, मग नव्याची किंमत बघतं आणि उठून जातं. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारात पडलो असतो. पण याचा परिणाम असा होतो की दुरुस्ती कुणी करत नाही म्हणून कारखाना दुरुस्तीजोगा माल बनवत नाही, आणि तसा माल नाही म्हणून शिकाऊ पोरं या धंद्यात येत नाहीत.

आता मिक्सर. याची गोष्ट पंख्यापेक्षा वेगळी आहे, कारण मिक्सरचं काम कधीच सुखाचं नव्हतं. आपल्याकडे सुरुवातीला परदेशी बनावटीचे मिक्सर आले ते त्यांच्या स्वयंपाकाच्या हिशेबाने बनलेले. ओलं खोबरं, भिजलेली डाळ, हळकुंड हे त्यांच्या गणितात नव्हतं. सत्यप्रकाश माथूर या इंजिनिअरने घरातला बंद पडलेला जर्मन मिक्सर बघून स्वतःच आपल्या वाटणाला पुरेल अशा ताकदीच्या मोटारीचा मिक्सर बनवला; तोच १९६३ सालचा सुमीत. तो मिक्सर लोकांच्या लक्षात राहिला, कारण त्याची मोटार कामाला साजेशी होती. तो जुना होता म्हणून चांगला ठरला नाही. त्याच्याआधीचे मिक्सर त्याहून जुने होते आणि तरी आपल्या खोबऱ्या-डाळीसाठी ते बनलेलेच नव्हते.

मिक्सरची मोटार कार्बन आणि कॉम्युटेटरची असते (हे दोन्ही मिळून फिरत्या भागाला वीज पोचवतात), रिकामी फिरवली तर मिनिटाला वीस हजारांच्या आसपास जाते. तिला थंड ठेवणारा छोटा पंखा तिच्याच शाफ्टवर. भांड्यात घट्ट वाटण घातलं की वेग पडतो. वेग पडला की करंट वाढतो, म्हणजे उष्णता वाढते, आणि नेमका तेव्हाच तो पंखाही हळू फिरतो, म्हणजे वारा कमी होतो. दोन्ही बाजूंनी मार. म्हणून मिक्सर सलग किती मिनिटं चालवायचा आणि किती थांबायचं हे सोबतच्या पत्रकात लिहिलेलं असतं. ते फार कमी लोक वाचतात. आमच्या भागात उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले की टेबलावर मिक्सर ओळीने येतात. वर्षाची चटणी घरच्या मिक्सरवर कुटायचा प्रयत्न झालेला असतो. तो भार कांडपाचा आहे. आजीच्या मिक्सरने ते सोसलं असं लोक सांगतात, पण आजी चटणी डंकावर न्यायची आणि मिक्सरवर खोबऱ्याचं वाटण तेवढं करायची.

नव्या मिक्सरमध्ये दोन गोष्टी जुन्यापेक्षा निश्चित चांगल्या आहेत. खाली लाल बटण असतं, जास्त भार आला की उडतं आणि वाइंडिंग वाचतं. आणि भांड्याखालचा कपलर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, अडकलं तर तो तुटावा आणि मोटार वाचावी म्हणून. लोक तुटलेला कपलर घेऊन येतात आणि म्हणतात, ‘काय हलका माल!’ मी त्यांना सांगतो, त्याने तुमचं आर्मेचर वाचवलं, थोड्या पैशांत नवा बसेल.

हलका माल ओळखायचा तर दुसरीकडे बघा. तार. स्वस्त पंख्यात आणि मिक्सरमध्ये आता अॅल्युमिनियमचं वाइंडिंग सर्रास निघतं. त्यावरचं एनॅमल तांबूस रंगाचं असतं, वरून बघून कळत नाही. ब्लेडने खरवडलं की आत पांढरी तार दिसते. अॅल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास वाहते, म्हणजे तेवढंच काम करायला तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १.६ पट हवं. तेवढी जागा दिली आणि सांधे नीट केले तर अॅल्युमिनियमची मोटारही चांगली चालते. वीज मंडळाच्या कितीतरी ट्रान्सफॉर्मरमध्ये अॅल्युमिनियम आहे. पण तांब्यासाठी आखलेल्या स्लॉटमध्ये ती कोंबली, तर मोटार तापणारच. शिवाय तिच्या सांध्यावर लगेच ऑक्साइडचा थर चढतो, साधं सोल्डरिंग धरत नाही. मी उघडलेल्या अशा कितीतरी पंख्यांत वाइंडिंग शाबूत होतं, फक्त सांधा सुटला होता.

विजेच्या दिव्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, म्हणून तिच्यावर दोन शब्द. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचं संघटन केलं आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर बांधलं; जास्त टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सभासदाला दंड होता. हे खरं आहे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकणारंही. त्याच्या जोडीला कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातल्या बल्बचा दाखला देतात, जो १९०१ पासून जळतोय. पण तो सध्या जेमतेम चार वॅटचा मंद उजेड देतो आणि तो सहसा बंद केला जात नाही. तार जेवढी कमी तापवाल तेवढी ती टिकते आणि तेवढाच उजेड कमी मिळतो. त्या बल्बखाली पोरांचा अभ्यास होणार नाही. कंपन्यांची लबाडी आणि तारेचा स्वभाव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि आजच्या मालाबद्दल बोलतानाही मी तसाच विचार करतो.

आणि जुन्या वस्तूंच्या धोक्याबद्दल कुणी बोलत नाही. जुने टेबल फॅन आठवा, पुढच्या जाळीत लहान मुलाचं बोट सहज जाईल एवढी फट. लोखंडी बॉडीची इस्त्री दोन पिनांवर, अर्थिंगचा पत्ता नाही, वायरीवर सुताचं वेष्टण. अशा इस्त्रीचा झटका माझ्या आईला बसलेला मी लहानपणी पाहिला आहे. आतली उष्णतारोधक पट्टी अॅस्बेस्टॉसची असायची, आणि आम्ही शिकाऊ असताना ती हाताने सोलायचो. ते दिवस परत यावेत असं मला वाटत नाही.

आता तुमच्या पंख्याकडे. जुना १,२०० मिलिमीटरचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. आजचा बीएलडीसी पंखा (कार्बन नसलेली, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारी मोटार असलेला) त्याच वाऱ्याला ३० च्या आसपास. रोज बारा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ३,६०० तास होतात. जुना २७० युनिट खाणार, नवा १०८. वर्षाला १६२ युनिटचा फरक, आठ रुपये युनिट धरलं तरी जवळजवळ तेराशे रुपये. म्हणजे जो पंखा रात्रभर आणि दिवसाही फिरतो, तिथे जुना ठेवणं महागात पडतं. जुना पंखा एकदोनदा बांधून घेतलेला असेल तर आणखी. जुनी कॉइल काढताना काही ठिकाणी सरळ आग लावून जाळतात. त्याने स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटार कायमची जास्त वीज खाऊ लागते. बांधून घेताना कोअर, म्हणजे हा पत्र्यांचा गाभा, जाळणार आहात का, हे विचारायला संकोचू नका.

बीएलडीसीबद्दल मात्र सावध करतो. त्याची मोटार इतकी थंड चालते की वाइंडिंग जळालेला बीएलडीसी पंखा मी क्वचितच पाहिला. जातो तो त्याचा बोर्ड. त्यावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरलाही तोच दहा अंशांचा नियम लागू आहे, आणि विजेचा एखादा जोरदार झटका आला तर बोर्डवरचे बाकीचे भागही जातात. मग असं होतं: तीन-चार वर्षांत मॉडेल बदललेलं असतं, जुना बोर्ड मिळत नाही, आणि बरीच वर्षं चालू शकणारी मोटार एका बोर्डासाठी भंगारात जाते. काही बोर्ड राळेत बुडवलेले असतात, ते उघडताच येत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, काही कंपन्यांची माहिती तिथे आहे. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर ताऱ्यांचं लेबलही सक्तीचं झालं. तारे विजेबद्दल सांगतात. बोर्ड किती वर्षं मिळेल हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: बोर्ड सुटा मिळतो का, आणि गावातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये आत्ता, या क्षणी, तो शिलकीत आहे का? दुसऱ्या प्रश्नाला फोन करून उत्तर देणारा दुकानदार असेल तर त्याच्याकडून घ्या.

तुमचे बंद पडलेले दोन पंखे अजून घरात असतील तर टाकण्याआधी तपासून घ्या. पंखा हळू झाला असेल आणि हाताने ढकलल्यावर चालू होत असेल, तर बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गेलेला असतो. थोड्या पैशांचा तो भाग बदलला की पंखा फिरतो. आवाज येत असेल तर ६२०१ आणि ६२०२ नंबरची बेअरिंग बघून घ्या. दर उन्हाळ्यात चांगले पंखे एवढ्याशा कारणाने भंगारात जाताना मी पाहतो आणि फार वाईट वाटतं.

वडिलांचा पंखा विकू नका. जिथे तो दिवसाला तास-दोन तास फिरेल, अशा खोलीत लावा. तिथे विजेचा फरक नगण्य आहे. झोपायच्या खोलीत नवा घ्या. पण जुना हलवण्याआधी एक काम कराच. वरचा हुक, त्यावरचं रबर, शॅकलचा बोल्ट आणि त्यातली पिन बघून घ्या. पन्नास वर्षांत रबर दगडासारखं झालेलं असतं, ते तडकलं की हुक आणि लोखंड एकमेकांवर घासत झिजतात. रॉडमधून आलेली वायरही कडक झालेली असते, ती पूर्ण बदला, आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बॉडीला करंट येत नाही ना हे वायरमनकडून तपासून घ्या. पंखा खाली असतानाच हे सगळं नीट होतं, म्हणून पुन्हा वर चढवण्याआधी करून घ्या.